जोडीचा शब्द

बर्निस टॉर्गर्सनने संत्र्याची साल एका सलग पट्टीत उतरवायला घेतली होती. टोबी केसलर शेजारच्या रिकाम्या खुर्चीत धपकन येऊन बसला आणि ती पट्टी मधेच तुटली.

"तोडलीस ना," ती म्हणाली. "बोल आता."

"पन्नास," टोबी कुजबुजला. "समोर एकोणपन्नास. बर्निस, तुमचं विधेयक आज पास होतंय."

तिने एक फोड त्याच्यापुढे धरली. त्याने ती पाहिलीही नाही. टोबी तिच्या पक्षाचा प्रतोद होता, चाळिशीही न ओलांडलेला वकील, आणि आठवडाभर एकेका आमदाराच्या मागे जेवणाच्या रांगेपासून हजामाच्या खुर्चीपर्यंत फिरून त्याने ही मतं गोळा केली होती. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण चेहरा मात्र नाताळच्या सकाळी उठलेल्या पोरासारखा झाला होता.

"त्या पन्नासात मला धरलंयस?"

"म्हणजे काय! विधेयक तुमचं, मत तुमचं नाही धरायचं?"

"नको धरूस," बर्निस म्हणाली. "माझी थर्मनशी जोडी आहे."

टोबीचा चेहरा उतरला तो तिला बघवला नाही. ती पुन्हा संत्र्याकडे वळली.

जोडी ही या सभागृहाची जुनी रीत. एखादा आमदार आजारी पडला, घरी मयत झालं, तर विरुद्ध बाजूच्या एकाने त्याला शब्द द्यायचा की तू परत येईपर्यंत मीही मताचं बटण दाबणार नाही. एक हो आणि एक नाही, दोन्ही मतं बाजूला राहतात आणि गैरहजर माणसाचं नुकसान होत नाही. नियमांच्या जाड पुस्तकात याबद्दल एक ओळही नाही. कोणी लिहून घेत नाही, कोणी साक्षीदार ठेवत नाही. फोनवर 'बरं' म्हटलं की झालं.

थर्मन हॅचचा फोन सोमवारी आला होता. डोंगराकडच्या भागातला हा गुरांचा मालक सव्वीस वर्षं रिपब्लिकनांच्या बाकावर बसत होता. सरकारी पैसा खर्च करायचं कुठलंही विधेयक आलं की त्याचं नकाराचं लाल बटण ठरलेलं. हृदयाची शस्त्रक्रिया व्हायच्या आधी त्याने इस्पितळातून फोन केला आणि म्हणाला, "बर्नी, हे लोक मला कोंबडीसारखं चिरणार आहेत. आठवडाभर पैशाच्या विधेयकांवर जोडी लाव माझ्याशी." ती 'बरं' म्हणाली. तिचं स्वतःचं विधेयक ईस्टरनंतर यायचं होतं. पण हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला, आमदारांना लवकर घरी सोडायचं म्हणून सभापतींनी कामं पुढे ओढली आणि तिचं विधेयक शुक्रवारी दुपारी येऊन बसलं.

"कागदावर आहे काही?" टोबीने विचारलं.

"नाही."

"मग कळणार कोणाला?"

"थर्मनला."

"अहो, तो अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडलाय!"

"म्हणून तर."

टोबीने दोन्ही हातांनी केस मागे सारले. "मग त्याला फोन करा. मोकळं कर म्हणावं. एवढा पाषाणहृदयी नाही तो."

"नाही म्हणायची ज्याला सोय नाही, त्याच्याकडे कसं मागायचं रे? ते मागणं नव्हे, हिसकावणं झालं." तिने उरलेलं संत्रं रुमालात गुंडाळलं. "आणि माझ्या वेळी त्याने माझ्याकडे मोकळीक मागितली नव्हती."

टोबी सभागृहात नवा होता, पण ती गोष्ट त्यालाही ठाऊक होती. ती सगळ्यांना ठाऊक होती.

तीन हिवाळ्यांपूर्वी, अधिवेशन ऐन रंगात असताना, गावच्या शेरीफने बर्निसला फोन केला होता की तुझा नवरा घरात नाही, दार सताड उघडं आहे आणि बाहेर बर्फ पडतंय. अर्लनची स्मृती तेव्हा नुकती उसवायला लागली होती. बर्निस खुर्चीवरचा कोटही न उचलता धावली. टोबीच्या आधीच्या प्रतोदाला सांगितलं नाही, सभापतींना सांगितलं नाही, कोणालाच काही सांगितलं नाही. चार तास गाडी हाकून ती पोहोचली, तेव्हा अर्लन सापडला होता. घरातल्या सपातांवर तो धान्याच्या उंच कोठाराच्या फाटकाशी उभा होता, जिथे त्याने तीस वर्षं गहू मोजून घेतला होता. म्हणत होता, ट्रक आले नाहीत अजून.

त्याच दुपारी थर्मनचं कालव्याचं विधेयक मतदानाला आलं. दोन उन्हाळे तो त्याच्यासाठी झिजला होता. बर्निस त्याच्या विरोधात मत देणार हे त्याला पक्कं माहीत होतं आणि तिची खुर्ची रिकामी होती. सुंठीवाचून खोकला गेला असं दुसरा कोणीही म्हणाला असता. थर्मनने हाताची घडी घातली आणि शेजाऱ्याला सांगितलं, "बर्नीशी माझी जोडी आहे." विधेयक त्याच्या एका मतावाचून पडलं. आठवड्याने ती परतली आणि त्याचे आभार मानायला गेली, तर तो म्हणाला, "कसली जोडी? माझी बोटं गारठली होती. इथली शेगडी नीट करा म्हणून मी कधीचा सांगतोय."

त्या दिवसापासून हे देणं तिच्या उरावर होतं. त्याने एकदाही ते बोलून दाखवलं नाही, त्यामुळे ते जास्तच जड झालं होतं.

"पण अर्लन?" टोबी हळूच म्हणाला.

त्याने हे विचारायला नको होतं, पण विचारलं ते बरोबर होतं. विधेयक लहान गावांमधले वृद्धाश्रम चालू ठेवण्यासाठी होतं. ते पडलं तर बर्निसच्या गावचा वृद्धाश्रम उन्हाळ्याच्या आत बंद होणार होता आणि तिथल्या म्हाताऱ्यांना राज्याच्या दुसऱ्या टोकाला जागा मिळणार होती. अर्लन दोन वर्षं तिथे होता. त्याच्या खिडकीतून ते धान्याचं कोठार दिसायचं. त्याला बायकोचं नाव आठवत नसे, वार कळत नसे, पण सकाळी खिडकीशी खुर्ची सरकवून दिली की तो कोठाराकडे बघून म्हणे, "चाललंय काम." मग दिवसभर शांत राही. खोलीची भिंत बदलली तरी चालेल, परिचारिका बदलल्या तरी चालेल, पण ती खिडकी गेली की तो माणूस संपला, हे बर्निसला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू जा आता, आणखी एखादं मत मिळतंय का बघ."

"पिळून काढलंय सगळं. उरलीय ती साल."

घंटा झाली.

विधेयक मांडणाऱ्यानेच शेवटी बोलायचं असतं. बर्निस उठली. बावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, आणि राजकारणात आली तीही त्या बसमुळेच. त्या जागेवर निवडणुकीला उभं राहायला डेमोक्रॅटांना कोणी मिळेना, तेव्हा कोणीतरी म्हणालं, बर्निसला विचारा, परगण्यातला निम्मा मतदार तिच्या बसमधून उतरलाय. भाषणं तिला तेव्हाही जमत नव्हती आणि आठ वर्षांनंतरही फारशी जमत नव्हती. पहिल्या अधिवेशनात ती तिचं पहिलं विधेयक घेऊन उभी राहिली, शाळेच्या बसच्या आरशांबद्दलचं, तेव्हा मतांच्या फलकावरचे सगळे दिवे लाल झाले होते. शंभरच्या शंभर. ती रडायच्या बेतात असताना एकेक करून ते हिरवे व्हायला लागले आणि सभागृह हसून लोटपोट झालं. नव्या आमदाराची अशी फिरकी घ्यायची पद्धतच होती, आणि त्या दिवशी या कटाचा म्होरक्या थर्मनच होता. नंतर सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेऊन तो तिच्या टेबलाशी आला. म्हणाला, "फलकावरचा रंग मनाला लावून घ्यायचा नाही, बाई. इथे टिकायचं असेल तर एवढंच."

आता हे तिचं शेवटचं अधिवेशन होतं. आठ वर्षं झाली की आमदाराने घरी जायचं, असा या राज्याचा कायदा आहे; तो होण्याआधी निवडून आलेल्या थर्मनसारख्यांना तेवढा तो लागू नाही. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणायची सोय उरली नव्हती.

"सभापती महोदय," ती म्हणाली, "म्हातारपणी माणसाला फार काही लागत नाही. ओळखीची एखादी गोष्ट डोळ्यांसमोर लागते. मी तुमच्याकडे तेवढीच मागतेय. तुमच्या आईवडिलांची आठवण ठेवा आणि बटण दाबा."

ती खाली बसली. कारकुनाने विधेयकाचा क्रमांक वाचला. मतदान सुरू झाल्याची घंटा वाजली आणि बर्निसने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. हिरवं बटण वीतभर अंतरावर होतं. फलकावर नावांपुढे दिवे पेटत गेले. टोबी मधल्या वाटेत उभा राहून तिच्याकडे बघत होता, आणि आता तिच्याकडे बघणारा तो एकटा नव्हता. समोरच्या बाकांवरही कुजबुज थांबली होती. तिला अर्लनची मान दिसत होती, खिडकीकडे वळलेली, मागून हजामाने नीट न कापलेल्या केसांची. तिची बोटं मांडीखाली दुखायला लागली.

सभापती समोरच्या पक्षाचे होते. चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते थांबले. नेहमीपेक्षा जास्तच थांबले. ते मोठ्या मनाने थांबले आहेत हे तिला कळलं, आणि त्यांनी थांबू नये असं तिला वाटलं.

मग त्यांनी हातोडा आपटला.

हिरवे एकोणपन्नास, लाल एकोणपन्नास. समसमान मतं म्हणजे विधेयक पडलं. फलकावर दोनच नावांपुढे दिवा नव्हता. हॅच आणि टॉर्गर्सन.

टोबी तिच्याजवळ आला नाही. तो सरळ बाहेर निघून गेला, आणि तिने त्याला मनातही दोष दिला नाही. सभागृह रिकामं होईपर्यंत ती बसून राहिली. कोणीतरी जाता जाता खांद्यावर हात ठेवला, कोणाचा ते तिने वळून पाहिलं नाही.

इस्पितळ विधानभवनापासून पाच-सात चौकांवर होतं. वादळ सुटायच्या आत गावाकडे निघायला हवं होतं, तरी तिने गाडी तिकडे वळवली. आजाऱ्याला भेटून जाऊ, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धंच. थर्मनच्या तोंडून तिला एक शब्द ऐकायचा होता. फार नाही, 'फिटलं' एवढाच. घरी न्यायला हाती दुसरं काही उरलं नव्हतं.

थर्मनला त्या सकाळीच साध्या खोलीत आणलं होतं. गादीत तो अर्धाच उरल्यासारखा दिसत होता. त्याची बायको लोर्ना खिडकीशी विणत बसली होती. तिने बर्निसला पाहिलं, हसली आणि थर्मासमधली कॉफी कपात ओतू लागली.

"आली बसवाली," थर्मन म्हणाला. आवाज फाटका होता, पण त्यातला खवचटपणा शाबूत होता. "बघ, मेलो नाही. तुझ्या पक्षाला कळव."

"कळवलंय. सुतक पाळताहेत."

"हसवू नकोस, टाके तुटतील." त्याने दम घेतला. "या बाईने माझा चष्मा काढून घेतलाय. वाचायचं नाही, बातम्या बघायच्या नाहीत, फोन करायचा नाही. शनिवारपर्यंत मी जगातून उठलोय. तर मला सांग, काय झालं आज? म्हाताऱ्यांचं विधेयक होतं ना तुझं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? बुधवारी पलीकडच्या खाटेवरच्याचा रेडिओ चालू होता. सभापतींनी कामं पुढे ओढली म्हणाला. मी लगेच हिला म्हटलं, बर्नीला फोन लाव. तिला म्हणावं या एका विधेयकावर जोडी सुटली. बाकी सगळ्यांवर राहील, यावर नाही." तो पुन्हा थांबला. "विधेयक मूर्खपणाचंच आहे तुझं, मी असतो तर लालच दाबलं असतं. पण मी इथे उताणा पडलेला, आणि माझ्यापायी अर्लनचं बिऱ्हाड हलायचं? ते नाही चालणार मला. लोर्ना बोलली ना तुझ्याशी?"

कॉफी कपाच्या काठापर्यंत आली आणि बशीत सांडली. लोर्नाला ते कळलं नाही. थर्मास तिने तसाच तिरपा धरला होता.

बर्निसने तिच्याकडे पाहिलं. लोर्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता. बुधवारची संध्याकाळ, बर्निसने मनात जुळवलं. बुधवारी संध्याकाळीच थर्मनला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी आत नेल्याची बातमी सभागृहात आली होती. रक्तस्राव थांबत नव्हता म्हणे, तासभर कोणाला काही सांगता येत नव्हतं. फोन हातात घेतला असेल लोर्नाने. नंबरही काढला असेल. तेवढ्यात परिचारिका धावत आली असेल.

तीन हिवाळ्यांपूर्वी तिनेही धावताना कोणाला काही सांगितलं नव्हतं; तिचा कोट आठवडाभर खुर्चीच्या पाठीवर तसाच लटकत होता.

बर्निसला राग आला, दुसरं काही नाही. एक फोन. एकच फोन, आणि अर्लन शेवटपर्यंत आपल्या खिडकीशी राहिला असता. ती किंचाळली असती तरी त्या खोलीत कोणी तिला दोष दिला नसता. लोर्नाचे ओठ हलले, ती सांगायला निघाली होती.

"आला होता फोन," बर्निस म्हणाली. "बुधवारीच आला. बोललो आम्ही."

लोर्नाने थर्मास खाली ठेवला.

"मग?" थर्मनने विचारलं.

"मग काय, दाबलं मी हिरवं. तरी पडलं."

"कितीने?"

"दोनाने."

"कोण पळालं?"

"जाऊ दे ना. आता नावं घेऊन काय मिळणार?"

थर्मनने डोळे मिटले. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते दाखवायची त्याला लाज वाटत होती, एवढं ती त्याला ओळखत होती. "अर्लनला कळतं का यातलं काही?"

"नाही."

"ते एक बरं आहे." मग तो म्हणाला, "आठ वर्षं झाली बर्नी, पण मतं मोजायला तुला शेवटपर्यंत आलं नाही. पक्की मतं आणि तोंडदेखली मतं यातला फरक मी तुला शिकवला होता ना?"

"शिकवला होतास."

"मग डोकं कुठे होतं?"

"कुठे असणार," बर्निस म्हणाली. "माझी बोटं गारठली होती."

थर्मनला हसू आलं, टाके दुखले, आणि हसता हसता त्याने तिच्याकडे पाहिलं. चष्म्याविना त्याला तिचा चेहरा कितपत दिसला कोण जाणे. औषधाचा अंमल होता, पापण्या जड झाल्या होत्या. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि तो झोपी गेला.

बर्निसने कॉफी उभ्यानेच संपवली. थंड झाली होती. तिने कप विसळून ठेवला, कोटाची बटणं लावली आणि बाहेर पडली. लोर्ना तिच्या मागोमाग आली, विणकामाच्या सुया हातात तशाच. दार तिने हळूच लोटून घेतलं.

"बर्निस, मी..."

"किती वेळ आत होता तो, बुधवारी?"

"माहीत नाही मला. मी घड्याळाकडे बघितलंच नाही." लोर्नाला रडू फुटलं. "मला आत्ता आठवलं. तो बोलला तेव्हा. देवाशपथ, त्याआधी एकदाही..."

"माहीत आहे मला," बर्निस म्हणाली.

तिने लोर्नाच्या हातातल्या सुया काढून घेतल्या, कारण त्या दोघींच्या मधे टोचत होत्या, आणि तिला जवळ घेतलं. भिंतीपलीकडे थर्मन घोरत होता. खिडकीबाहेर बर्फाचे पहिले कण दिव्याखाली दिसायला लागले होते. गावापर्यंत चार तास, आणि या हवेत पाच.

"त्याचा चष्मा कुठे आहे?" बर्निसने विचारलं.

"माझ्या पर्समध्ये."

"राहू दे तिथेच. पेपरात मतांचे आकडे येतील. थोडा चालायला-फिरायला लागेपर्यंत देऊ नकोस."

लोर्नाने मान हलवली. बर्निसने सुया तिच्या हातात परत दिल्या, हातमोजे चढवले आणि जिन्याकडे निघाली. सकाळी अर्लनची खुर्ची खिडकीशी सरकवायला तिला पोहोचायचं होतं.